उभ्या गाडीची चाल

रायगडाच्या पायथ्याशीं हिरकणीवाडी नांवाचें लहानसें गांव आहे. महाडहून नाते, कोंझर, पाचाड असा सुमारें २५ किलोमीटरांचा रस्ता चढून आलें म्हणजे गडाचा काळा कडा एकदम समोर उभा राहतो. संध्याकाळीं गडाचे दरवाजे बंद झाले असतां घरच्या तान्ह्या मुलाच्या ओढीनें तो कडा उतरून गेलेल्या गवळणीची आख्यायिका महाराष्ट्रांत कोणाला ठाऊक नाहीं? तिचेंच नांव गडावरील बुरुजाला व खालच्या या वाडीला मिळालें आहे. १९९६ सालीं येथून गडावर जाणारा रोपवे सुरू झाला आणि तेव्हांपासून सुटीच्या दिवशीं वाडीच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागूं लागली. पायवाटेनें गड चढणारा मनुष्य पावलोपावलीं आपल्या श्वासाकडे लक्ष देतो. रांगेंत उभ्या केलेल्या आपल्या गाडीच्या श्वासाकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाहीं. मीही देत नव्हतों.

गेल्या हिवाळ्यांत मी सहकुटुंब पुण्याहून भोरच्या मार्गानें वरंध घाट उतरून महाडास व तेथून हिरकणीवाडीस आलों. गाडी म्हणजे वडिलांनीं १९८४ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी. घाट उतरतांना वाटेंत ब्रेकचा करपट वास येऊं लागला, आणि पाय कितीही दाबला तरी गाडी पुरेशी आवरेना. मुलें भेदरून गेलीं. कशीबशी गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन अर्धा-पाऊण तास थांबलों, ब्रेक निवूं दिले आणि पुढें निघालों. दोष मीं घाटाला दिला. हिरकणीवाडीला रांगेंत उभे असतां चहाच्या टपरीवरचे एक वृद्ध गृहस्थ माझ्या गाडीकडे कान देऊन ऐकत राहिले. त्यांचा सारा जन्म मुंबईंत टॅक्सी चालविण्यांत गेला होता, हें मागाहून कळलें. जवळ येऊन ते म्हणाले, "साहेब, गाडी उभी आहे, पण इंजिन पळतंय. आयडलिंग कोणी वाढवलंय?"

वाढविणारा मीच होतों. दोन वर्षांपूर्वीं गाडी सिग्नलपाशीं वरचेवर बंद पडूं लागली, तेव्हां मीं एक स्क्रू अर्धा फेरा आंत फिरविला. गाडी बंद पडावयाची थांबली आणि ती गोष्ट मी विसरून गेलों. त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नानें मला त्या स्क्रूचा विचार करावयास लावलें. मोटारीच्या इतिहासांत वेगाचें व सौंदर्याचें वर्णन पुष्कळ आढळतें. उभ्या गाडीच्या चालीचा इतिहास मात्र क्वचितच कोणी सांगतो. वस्तुतः इंजिनाची खरी परीक्षा त्याच चालींत होते.

गाडी उभी असतां इंजिन आपल्यापुरतें फिरत राहतें, त्या स्थितीला इंग्रजांनीं आळसाचें नांव दिलें. जर्मन लोक तिला 'लेअरलाउफ' म्हणजे रिकामी धांव म्हणतात, तर फ्रेंच लोक 'रालांती' म्हणजे मंदावलेली चाल म्हणतात. आपल्या कारागिरांनीं इंग्रजी शब्दच घेतला. परंतु या स्थितींत आळस असा कांहींच नाहीं. चार सिलिंडरांचें जुनें इंजिन उभ्या गाडींत मिनिटाला साधारणपणें ७०० ते ९०० फेरे घेतें. ८०० फेरे धरले, तर प्रत्येक सिलिंडरांत मिनिटाला ४०० वेळां आणि चोहोंत मिळून १६०० वेळां ठिणगी पडते. यांतील प्रत्येक स्फोट अगदीं दुबळा असतो. कारण आंत जाणारी हवा जवळजवळ बंद केलेली असते. स्वतःचें घर्षण सोसून पंखा, पाण्याचा पंप व वीज निर्माण करणारें यंत्र फिरवावें, इतकीच शक्ति त्यांतून निघते. धनवान् गृहस्थाच्या घरांतील गळती सुकाळांत दिसत नाहीं, हात आंखडला म्हणजे दिसते. इंजिनाचेंही तसेंच आहे.

ही चाल मोटारीबरोबर जन्मली असें मात्र नाहीं. निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं चार धावांचें इंजिन सिद्ध केलें, तें कारखान्यांत एके जागीं बसून ठराविक गतीनें चालणारें यंत्र होतें. कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठीं अर्ज केला; तिचें इंजिन पूर्ण भरांतदेखील मिनिटाला सुमारें ४०० फेरेच घेई. अर्थात् मंद चाल व धांवती चाल यांमध्यें फारसें अंतरच नव्हतें. १८९३ सालीं विल्हेल्म मायबाख यानें पेट्रोलचा बारीक फवारा हवेंत सोडणारा कार्ब्युरेटर काढला आणि १९०२ सालीं बॉशच्या कारखान्यानें उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो बाजारांत आणला. या दोन साधनांनीं इंजिनाची गति वाढवितां व कमी करतां येऊं लागली. आणि गति कमी करतां येऊं लागली तेव्हांच ती किती कमी करावी हा प्रश्न उत्पन्न झाला.

पहिल्या पिढींत त्याचें उत्तर चालकाच्या हातांत होतें. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीच्या चक्राखालीं दोन दांड्या असत. डावीनें ठिणगीची वेळ मागेंपुढें होई, उजवीनें हवेची झडप उघडे व मिटे. गाडी उभी करतांना चालक एका हातानें ठिणगी मागें घेई, दुसऱ्या हातानें झडप मिटी आणि इंजिन मरणार नाहीं व पळणारही नाहीं असा मधला सूर कानानें शोधून काढी. उभ्या गाडीची चाल म्हणजे चालकाचें रोजचें काम होतें, आणि तें ज्याला साधत नसे त्याला गाडी चालवितां येत नाहीं असेंच लोक समजत. पुढें ठिणगीची वेळ आपोआप बदलूं लागली, झडपेची दांडी जाऊन पायाखालचें पेडल आलें, आणि हा मधला सूर एका स्क्रूच्या स्वाधीन झाला. चालकाचें काम हलकें झालें. पण त्याचबरोबर त्याचा कानही निकामी होऊं लागला.

आपल्या प्रांतांत मोटार आली ती साहेबांची व संस्थानिकांची मिजास म्हणून. १९२६ सालीं फोर्ड कंपनीची हिंदुस्थानी शाखा स्थापन झाली आणि १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईंत शिवडी येथें परदेशाहून आलेले भाग जोडून मोटारी तयार करण्यास आरंभ केला. १९४४ सालीं सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली व कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. प्रथम अमेरिकन धाटणीच्या गाड्या व पुढें इटलींतील फियाट कंपनीच्या गाड्या तेथें होऊं लागल्या. १०८९ घनसेंटिमीटरांचें इंजिन असलेली फियाट ११०० नांवें बदलत बदलत १९७० नंतरच्या दशकांत 'प्रीमियर पद्मिनी' झाली. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्या दारांत ती उभी राही, आणि काळ्यापिवळ्या रंगांत तीच मुंबईची टॅक्सी झाली. या गाडींत इंजिनाचे फेरे दाखविणारें घड्याळ नव्हतें. म्हणून तिची चाल बसविण्याची विद्या पुस्तकांत न राहतां गल्लोगल्लींच्या मिस्त्रींच्या कानांत राहिली.

ती विद्या काय होती हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. नाहींतर माझी चूक वाचकांच्या ध्यानांत यावयाची नाहीं. कार्ब्युरेटरच्या नळींत हवेची झडप म्हणून एक गोल चकती असते. पेडल सोडलें कीं ती जवळजवळ मिटते. मग नळींतील वारा इतका मंद होतो कीं, मुख्य जेटमधून पेट्रोल खेंचलेंच जात नाहीं. यासाठीं चकतीच्या खालच्या अंगाला एक निराळें बारीक छिद्र ठेवून तेथें मंद चालीपुरतें पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पोंचविलेलें असतें. तेथें स्क्रू दोन. एक चकतीला पुरतें मिटूं देत नाहीं. त्यानें गति ठरते. दुसरा त्या छिद्राचें तोंड कमीजास्त करतो. त्यानें मिश्रणाचा कस ठरतो. इंजिन नीट तापल्यावर व चोक पूर्ण सोडल्यावर मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आंत फिरवावा. इंजिन अडखळूं लागलें कीं बाहेर फिरवावा, आणि ज्या जागीं चाल सर्वांत जलद व सरळ होते तेथें थांबावें. मग गतीचा स्क्रू सैल करून फेरे खालीं आणावे. पुन्हां मिश्रण पाहावें, पुन्हां गति पाहावी. पद्मिनीच्या जातीच्या कार्ब्युरेटरांत मिश्रणाचा स्क्रू बाहेर आला कीं पेट्रोल वाढतें. पुष्कळशा मोटारसायकलींत त्या जागीं हवेचा स्क्रू असल्यामुळें तो बाहेर आला कीं पेट्रोलचा अंश उलट घटतो. हा भेद न कळल्यामुळें हौशी माणसांनीं पुष्कळ गाड्या बिघडविल्या आहेत.

पण जाणता मिस्त्री स्क्रूला हात लावतो तो सर्वांच्या शेवटीं. प्रथम तो ऐकतो. ठेका नियमितपणें चुकत असेल, तर दोष एकाच सिलिंडरांत आहे असें समजून तो प्लगच्या वायरी सुकें फडकें धरून एकेक काढून पाहतो. जी काढल्यानें चालींत कांहींच फरक पडत नाहीं, तो सिलिंडर आधींपासूनच मेलेला असतो. ठेका अनियमित चुकत असेल, तर तो डिस्ट्रिब्यूटरचें झांकण उघडून पॉइंट जळाले आहेत काय व त्यांतील अंतर सुमारें ०.४ मिलिमीटर आहे काय हें पाहतो. पावसाळ्यांत कोंकणपट्टींत त्या झांकणांत ओल धरते. तें कोरड्या फडक्यानें पुसलें कीं निम्मी दुखणीं तेथेंच संपतात. त्यानंतर झडपांचीं टॅपेटें, मग बारीक जेटांतील कचरा, मग फ्लोटमधील पेट्रोलची पातळी. आणि या सर्वांबरोबर तो हवेची चोरी शोधतो.

ही चोरी समजून घेण्याजोगी आहे. मंद चालींत चकती मिटलेली असल्यामुळें तिच्या खालीं इंजिनाच्या बाजूला मोठा शोष निर्माण होतो. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिनाचा हा शोष मापकावर १७ ते २१ इंच पाऱ्याइतका भरतो व कांटा स्थिर राहतो. अशा वेळीं कार्ब्युरेटरच्या बुडाचें पॅकिंग किंचित् सैल असेल, तर बाहेरची हवा त्या फटींतून आंत शिरते व मिश्रण पातळ करते. धांवत्या गाडीला पुष्कळ हवा लागते, तींत ही चोरटी हवा लोपून जाते. मंद चालीला हवा थोडीच लागते, तींत तीच हवा मोठा वांटा होऊन बसते. म्हणून गाडी रस्त्यावर उत्तम चालते आणि सिग्नलला मरते. आतां गतीचा स्क्रू फिरवून चकती थोडी अधिक उघडली, तर योग्य मिश्रण जास्त जातें व चोरीचें प्रमाण घटतें. गाडी मरत नाहीं. दोष मात्र तेथेंच असतो. त्याचें बोलणें तेवढें बंद होतें.

मीं केलें तें हेंच. त्याचा परिणाम वरंध घाटांत दिसला. उतारावर गाडी गिअरमध्यें ठेवून पेडल सोडलें म्हणजे मिटलेल्या झडपेमुळें इंजिनच गाडीला मागें ओढून धरतें. सारा भार ब्रेकवर पडत नाहीं. परंतु ज्या इंजिनाची झडप पुरती मिटतच नाहीं, तें गाडीला धरण्याऐवजीं पुढें लोटूं पाहतें. पद्मिनीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. ते वळणावळणाला तापत गेले आणि त्यांची पकड सुटत चालली. पुण्याच्या सिग्नलला वाचविलेल्या अर्ध्या फेऱ्याची किंमत घाटांत माझीं मुलें देणार होतीं.

घाटाचा आणखी एक धडा या मुलखांतील जुन्या चालकांना चांगला ठाऊक असे. पोलादपूरहून आंबेनळी घाटानें महाबळेश्वरला गेलें, तर गाडी सुमारें ४५०० फूट उंच चढते. दर हजार फुटांस शोष सुमारें एक इंचानें उतरतो आणि हवा विरळ होऊन मिश्रणांत पेट्रोलचा अंश वाढतो. खालीं उत्तम बसविलेली चाल वर जड व खालावलेली वाटते. नवखा मनुष्य तेथेंच स्क्रू फिरवितो आणि दुसऱ्या दिवशीं घाट उतरल्यावर गाडी पळूं लागली म्हणून चकित होतो. तसेंच, चढ चढून गाडी रांगेंत उभी केली म्हणजे तापलेल्या कार्ब्युरेटरांतील पेट्रोल उकळूं लागतें व चाल डगमगते. त्यावर उपाय स्क्रूचा नसून सावलीचा व पेट्रोल पंपावर ठेवलेल्या ओल्या फडक्याचा आहे. इंजिनाचा दोष कोणता आणि जागेचा गुण कोणता, हें ओळखणें हा निदानाचा पहिला भाग होय.

असो. या स्क्रूकडे पुढें सरकारचेंही लक्ष गेलें. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमानें उभ्या गाडीच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला मर्यादा घातली. चारचाकीला शेंकडा ३, दुचाकी व तीनचाकीला शेंकडा ४.५. रंग नाहीं, वास नाहीं, पण रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावणारा हा विषारी वायु. आणि तो सर्वांत जास्त साचतो तो चौकांत व रांगांत, म्हणजे जेथें गाड्या उभ्या असतात व माणसें त्यांच्या शेजारून चालतात तेथें. म्हणून कायद्यानें परीक्षेला धांवती चाल न घेतां मंद चाल घेतली, हें योग्यच झालें. परंतु परीक्षा एकाच वायूची असल्यामुळें पळवाट राहिली. मिश्रणाचा स्क्रू आंत फिरवून मिश्रण पातळ केलें कीं मोनॉक्साइड कमी भरे आणि प्रमाणपत्र मिळे. मग न जळलेलें पेट्रोल धुराड्यांतून बाहेर जात असलें तरी विचारणारें कोणी नसे. १ ऑक्टोबर २००४ पासून न जळलेल्या हायड्रोकार्बनचेंही मोजमाप सुरू झालें, तेव्हां ही वाट बंद झाली. एका प्रश्नाला फसविणारा स्क्रू दोन प्रश्नांपुढें उघडा पडला.

तोंवर स्क्रूचेच दिवस भरत आले होते. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारें उपकरण सक्तीचें झालें. त्या उपकरणाला मिश्रणाचा कस पळापळाला नेमका लागतो, आणि तो राखणें हें स्क्रूच्या आवाक्याबाहेरचें काम. २००० सालच्या नियमांनंतर नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा झाला आणि पेट्रोलची फवारणी संगणकाकडे गेली. १ एप्रिल २०२० च्या नियमांनीं दुचाकींतही तेंच घडलें. नव्या गाडीची मंद चाल संगणक क्षणोक्षणीं स्वतः सांभाळतो, आणि आपल्या हातून ती सांभाळली जात नाहींशी झाली म्हणजे दिवा लावून तसें सांगतो. माझ्यासारख्या धन्याहून तो अधिक प्रामाणिक आहे, हें कबूल केलें पाहिजे. मुंबईंत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं रस्त्यावरून गेली, आणि त्या इंजिनाच्या सुरावर पोसलेल्या कानांचें कामही तिच्याबरोबर संपलें.

त्यांपैकीं एक कान त्या दिवशीं हिरकणीवाडीला माझ्या वांट्याला आला. बाबांनीं टपरीवरचे पेले धुण्याचें साबणाचें पाणी मागून घेतलें आणि चालू इंजिनावर कार्ब्युरेटरच्या बुडाशीं चारी अंगांनीं थेंब थेंब सोडलें. एका कोपऱ्यावर थेंब पडतांच आंत खेंचला गेला व इंजिनाचा सूर बदलला. "ऐकलंत?" ते म्हणाले. मीं ऐकलें, दोन वर्षांत प्रथमच ऐकलें. इंजिन बंद करून त्यांनीं त्या बाजूचा सैल नट व मग दुसरा, असे आळीपाळीनें थोडे थोडे आंवळले. एकच नट आंवळला तर बूड वांकतें, असें सांगितलें. मग मीं आंत घातलेला तो अर्धा फेरा त्यांनीं बाहेर काढला. इंजिन सुरू झालें, खालच्या सुरांत आलें आणि तेथेंच टिकलें. बॉनेटवर पालथा हात ठेवून ते क्षणभर उभे राहिले.

मीं पैसे पुढें केले, तेव्हां त्यांनीं फक्त चहाचे घेतले. "पुण्याला गेल्यावर पॅकिंग नवं टाका, बाबा भेटला म्हणून विसरू नका. आणि आज उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा. चढताना गाडी चुकली तर थांबते. उतरताना चुकली तर थांबत नाही."

संध्याकाळीं गड पाहून खालीं आलों तेव्हां हिरकणीचा बुरूज अंधारांत मिसळत होता. पाचाडवरून कोंझरकडे उतरतांना मीं पेडल सोडलें आणि इंजिनानें गाडीला मागून धरल्याचें पायांना कळलें. ब्रेकला हात लावून पाहिला तो महाडला. ते कोमट होते. मुलें मागें झोंपलीं होतीं.